चिंगी मुंगी आणि हुशार फाटक

देवघराच्या मागे एक फट होती. फटीत एक बीळ होतं. बिळात दोन मुंग्या राहायच्या. मोठी चिंगी आणि धाकटी पिंगी.

पिंगीच्या पायाला लागलं होतं. एक नाही, दोन नाही, तीन पायांना! तिला चालता येईना. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

चिंगी म्हणाली, "पिंगे, रडू नकोस. मी खाऊ आणते. तू खाल्लंस की मगच मी खाईन."

आणि चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

त्या घरात कस्तुरी नावाची छोटी मुलगी होती. कस्तुरीच्या हातातून टेबलावर प्रसादाची साखर सांडली. चिंगीला मिळाला एक दाणा. पांढरा पांढरा, चमचम चमचम! चिंगीने तो डोक्यावर घेतला. टेबलावरून निघाली, तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत होता कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला होती बटणं. चिंगी बटणांवरून चालली. पाय घसरला...

टुप्‌!

दाणा पडला मोठ्या बटणाच्या फटीत. अडकून बसला!

चिंगी म्हणाली, "बटणा, बटणा, उसळ ना! पिंगी उपाशी, दाणा अडकला. सांग आता काय करू?"

बटण म्हणालं, "मी नाही उसळणार! कुणी मला दाबलं, तर मी उसळीन. मग दाणा सुटेल. जा कस्तुरीकडे."

चिंगी निघाली, तुरुतुरु, तुरुतुरु. कस्तुरी खुर्चीत बसली होती. गाल फुगवून बसली होती.

"कस्तुरी, कस्तुरी, बटण दाब ना!
पिंगी उपाशी, दाणा अडकला,
बटण काही उसळेना.
सांग आता काय करू?"

कस्तुरी म्हणाली, "मी नाही दाबणार! माझे बाबा लांब आहेत, मोठ्या बोटीवर. आज कॉम्प्युटरमध्ये दिसणार आहेत. बाबांचा फोन वाजला की मोठं बटण मीच दाबते. पण कॉम्प्युटर उघडतच नाही! मी रुसलेय. कॉम्प्युटर उघडला, तर दाबीन."

चिंगी निघाली, तुरुतुरु, तुरुतुरु.

"कॉम्प्युटरदादा, कॉम्प्युटरदादा, उघड ना!
पिंगी उपाशी, दाणा अडकला,
बटण काही उसळेना,
कस्तुरी बटण दाबेना.
सांग आता काय करू?"

कॉम्प्युटर म्हणाला, "मी नाही उघडणार! मला कुलूप आहे, आवाजाचं कुलूप. कस्तुरीची आई म्हणते, 'उघड रे बाळा', की मी उघडतो."

चिंगी घसा खाकरून म्हणाली, "उघड रे बाळा!"

"आवाज जुळत नाही. पुन्हा बोला."

चिंगी मोठ्याने म्हणाली, "उघड रे बाळाऽऽ!"

"आवाज जुळत नाही. तुम्ही माणूस आहात की यंत्र?"

"मी मुंगी आहे."

"मुंगी आमच्या यादीत नाही," कॉम्प्युटर म्हणाला. "आईला आण. आई बोलली, तर उघडीन."

चिंगी निघाली, तुरुतुरु, तुरुतुरु. आई कुठे होती? आई अंगणापलीकडे होती, कॉलनीच्या फाटकाशी. तिच्या हातात ताट होतं. ताटात पोळी होती. पोळीवर गूळ होता.

"आई, आई, बोल ना!
पिंगी उपाशी, दाणा अडकला,
बटण काही उसळेना,
कस्तुरी बटण दाबेना,
कॉम्प्युटर काही उघडेना.
सांग आता काय करू?"

आई काय म्हणाली?

"उं-हूं!"

आईने ओठांवर बोट ठेवलं. चिंगीला कळलं. ती देवघरामागेच राहायची ना, तिला आईचा नेम ठाऊक होता. श्रावण महिना. आई गायीला घास घालायची. गायीने घास खाल्ला की मगच बोलायची. तोवर एक शब्द नाही. एक अक्षरसुद्धा नाही!

आईने फाटकाकडे बोट केलं. गाय फाटकाच्या बाहेर होती. फाटक उंच होतं आणि घट्ट बंद होतं. पण खाली होती बारीकशी फट. चिंगी फटीतून बाहेर आली, तुरुतुरु, तुरुतुरु. बाहेर तांबू गाय उभी होती. शेपटी हलवत होती. सट्‌ सट्‌!

"तांबूमाय, तांबूमाय, घास खा ना!
पिंगी उपाशी, दाणा अडकला,
बटण काही उसळेना,
कस्तुरी बटण दाबेना,
कॉम्प्युटर काही उघडेना,
आई काही बोलेना.
सांग आता काय करू?"

तांबू म्हणाली, "हम्माऽऽ! मी नाही खाणार! घास आत, मी बाहेर. कशी खाऊ बाई? फाटक सरकलं, तर खाईन."

चिंगी वळली, तुरुतुरु, तुरुतुरु.

"फाटकराव, फाटकराव, सरका ना!
पिंगी उपाशी, दाणा अडकला,
बटण काही उसळेना,
कस्तुरी बटण दाबेना,
कॉम्प्युटर काही उघडेना,
आई काही बोलेना,
गाय घास खाईना.
सांगा आता काय करू?"

आता हे फाटक होतं नवीन. जुनं फाटक बरं होतं. ढकललं की उघडायचं. नवीन फाटक फार हुशार!

चिंगीने डोकं टेकवलं आणि जरासं ढकललं.

भोंऽऽ! भोंऽऽ! भोंऽऽ!

"चोर! चोर!" फाटक ओरडलं.

"अहो, मी चोर नाही. मी मुंगी!"

"असू दे. मी नाही सरकणार! मला ढकललेलं चालत नाही. वॉचमन दगडूमामा फोनवरून सांगतात, मग मी सरकतो. मामांचा फोन चालला, तर सरकेन."

चिंगी निघाली, तुरुतुरु, तुरुतुरु. फाटकाशेजारी होती छोटीशी खोली. खोलीत बसले होते दगडूमामा. मान खाली, नाक फोनात.

"दगडूमामा, दगडूमामा, फोन लावा ना!
पिंगी उपाशी, दाणा अडकला,
बटण काही उसळेना,
कस्तुरी बटण दाबेना,
कॉम्प्युटर काही उघडेना,
आई काही बोलेना,
गाय घास खाईना,
फाटक काही सरकेना.
सांगा आता काय करू?"

दगडूमामा म्हणाले, "अगं, कसा लावू? फोनात नुसतं गोल गोल फिरतंय! सकाळी सगळ्यांना 'सुप्रभात' पाठवलं. गुलाबाचं फूल होतं त्यावर. आता दुपार झाली तरी ते जाईना! ताईंचं ताट तसंच राहिलंय, मलाही वाईट वाटतंय गं. तो बघ वायफायचा डबा. त्याचा दिवा लाल झालाय. डबा हिरवा झाला, तर फोन चालेल."

चिंगी भिंतीवर चढली, तुरुतुरु, तुरुतुरु. वर फळी होती. फळीवर डबा होता.

"डबेराव, डबेराव, हिरवे व्हा ना!
पिंगी उपाशी, दाणा अडकला,
बटण काही उसळेना,
कस्तुरी बटण दाबेना,
कॉम्प्युटर काही उघडेना,
आई काही बोलेना,
गाय घास खाईना,
फाटक काही सरकेना,
मामांचा फोन चालेना.
सांगा आता काय करू?"

डबा म्हणाला, "हुश्श! हुश्श! मी नाही हिरवा होणार! बघतेस ना, माझ्यावर कोण बसलंय? बोका! केवढा जड! मी तापलोय नुसता. दोनदा ओरडलो, पण दगडूमामा वर बघतच नाहीत. बोका उठला, तर हिरवा होईन."

खरंच की! डब्यावर बसला होता गुंड्या बोका. मऊमऊ, गोलगोल. डोळे मिटून, घुर्रर्र, घुर्रर्र!

"बोकोबा, बोकोबा, उठा ना!
पिंगी उपाशी, दाणा अडकला,
बटण काही उसळेना,
कस्तुरी बटण दाबेना,
कॉम्प्युटर काही उघडेना,
आई काही बोलेना,
गाय घास खाईना,
फाटक काही सरकेना,
मामांचा फोन चालेना,
डबा हिरवा होईना.
सांगा आता काय करू?"

बोक्याने एक डोळा उघडला. "मी नाही उठणार! मला ओळखलं नाहीस? माझे फोटो घरोघरी जातात. मी झोपलो की फोटो, मी जांभई दिली की फोटो. कालच्या फोटोला बावीस अंगठे मिळाले, बावीस! तू दिलास का अंगठा?"

चिंगी म्हणाली, "मला अंगठाच नाही हो. मला नुसते पाय आहेत. सहा."

"मग जा," बोका म्हणाला. आणि त्याने डोळा मिटला. घुर्रर्र, घुर्रर्र!

आता पुढे कुणीच नव्हतं. कुणाकडे जायचं? चिंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडे पिंगी वाट बघत असेल. एकटीच असेल. भुकेली असेल.

बोक्याला चावू का? करकचून?

नको, नको. श्रावणात कुणाला दुखवायचं नाही.

चिंगीने डोळे मिटले. हात... म्हणजे पुढचे दोन पाय जोडले. "देवा, मला सुचव रे काहीतरी."

आणि तिला सुचलं!

चिंगी बोक्याच्या पंजावर चढली, तुरुतुरु. पंजावरून गळ्यावर, तुरुतुरु. गळ्यावरून मिशीवर, तुरुतुरु. मिशीवरून नाकावर, तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

बोक्याचं नाक हुळहुळलं.

आ... आ... आऽऽ...

आक्‌छीऽऽ!

बोका उडाला आणि धप्पकन खाली उतरला. चिंगी उडाली आणि फळीवर पडली. पण लागलं नाही बरं का, मुळीच नाही!

बोका उठला.
डबा म्हणाला, "हुश्श, सुटलो बाई! पण घाई करू नका हं. आधी नारिंगी, मग हिरवा." नारिंगी झाला... आणि हिरवा झाला!

डबा हिरवा झाला, मामांचा फोन चालला. टिंग! टिंग! टिंग! टिंग! सगळ्यांना सुप्रभात गेलं, भर दुपारी. "गेलं रे गेलं!" म्हणत मामांनी फोनातलं फाटकाचं बटण दाबलं.

मामांचा फोन चालला, फाटक सरकलं. खर्रर्र, खट्ट!

फाटक सरकलं, तांबू आत आली. आईने ताट पुढे केलं. गायीने घास खाल्ला. मच मच, मच मच. गूळसुद्धा चाटला.

गायीने घास खाल्ला, आई बोलली. आणि काय बोलली! सकाळपासूनचं सगळं साठलं होतं ना!

"अगं बाई, किती हा उशीर! तांबू, उन्हात उभी राहिलीस गं. दगडूभाऊ, मान दुखेल तुमची, वर बघा जरा. अगो बाई, कस्तुरीच्या बाबांचा फोन!"

आई धावली. चिंगी तोवर फळीवरून उतरून आली होती, ती तिच्या पदराला लटकली. झुईऽऽ!

कॉम्प्युटरसमोर येऊन आई म्हणाली, "उघड रे बाळा!"

"आवाज जुळला," कॉम्प्युटर म्हणाला. "ये आई, ये!"

कॉम्प्युटर उघडला. आणि लगेच वाजू लागला, टुंग टुंग, टुंग टुंग!

"बाबा!" कस्तुरी ओरडली. रुसवा कुठल्या कुठे पळाला. तिने मोठं बटण दाबलं. टप्प!

बटण खाली गेलं. बटण वर उसळलं. आणि दाणा?

टिच्चक! उडाला, टेबलावर पडला, घरंगळत घरंगळत चिंगीच्या पुढ्यात!

चमचम चमचम!

कॉम्प्युटरमधून बाबा म्हणत होते, "कस्तुरे, ऐकू येतंय का?"

कस्तुरी म्हणत होती, "बाबा, दिसताय! बाबा, दिसताय!"

आई डोळे पुसत होती आणि हसत होती.

चिंगी काही थांबली नाही. दाणा डोक्यावर घेतला आणि निघाली. टेबलावरून खाली, फरशीवरून पुढे, देवघराच्या मागे. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

"पिंगे! ए पिंगे! मी आले गं!"

पिंगी म्हणाली, "ताई, मला वाटलं, तू हरवलीस." आणि तिने आधी दाणा धरला नाही. आधी ताईलाच घट्ट धरलं.

मग पिंगीने दाण्याचा तुकडा मोडला. कुरुम कुरुम! तोंड गोड झालं.

"आता तू खा ताई," पिंगी म्हणाली.

चिंगीने खाल्लं. कुरुम कुरुम! मग पिंगीच्या कुशीत पाय पसरले, सहाच्या सहा. आणि एक मोठ्ठा श्वास सोडला. हुश्शऽऽ!

देवाने चिंगीला जसं सुचवलं, तसं तुम्हा-आम्हा सगळ्यांना सुचवो. कुणाचंही बाळ उपाशी न राहो.