चहाडखोर कणगी

एकदा काय झालं, एका राजाच्या गावात येसू नावाची बाई राहायची. बांबूच्या टोपल्या विणायची. नवरा रत्नू पायानं अधू, पोर ठकी लहान. वेशीवर राजाचा शिपाई चार टोपल्यांतली एक कर म्हणून ठेवून घ्यायचा. उरलेल्या तिनांत घर कसं चालणार? कधी भाकरी, कधी नुसती पेज.

मग राजाला दया आली. त्यानं गरिबांच्या घरोघरी जादूची कणगी धाडली. रोज सकाळी आत हात घालावा, तर शेरभर जोंधळे! सगळे खूश. येसू मात्र म्हणाली, "वेशीवर घेतात आणि घरी आणून देतात? मला नाही बाई खरं वाटत."

मग येसूनं एक कोंबडी घेतली. दुसऱ्या दिवशी कणगी रिकामी! कोंबडी परत दिली, तेव्हा भरली. मग रत्नूला चार दिवस दोर वळायचं काम मिळालं. पुन्हा रिकामी! काम संपलं तरी आठ दिवस रिकामीच, बरं का.

येसूला वाटलं, शेजारची चंद्राक्का राजाकडे चहाडी करते. चंद्राक्काच्या घरीही तसंच झालेलं. तिला वाटलं, येसूच सांगते. दोघींनी बोलणं टाकलं, दारं लावली.

मग येसूनं दार-खिडकी बंद करून एक जास्तीचं सूप विणलं. कुणी म्हणजे कुणी पाहिलं नाही. सकाळी बघते तर कणगी रिकामी! मग घरात होतं कोण? कणगीच की!

येसू तडक शेजारी गेली. "अक्का, चुकले मी." मग दोघींनी कणगी उचलली आणि राजापुढे नेऊन आदळली.

राजा म्हणाला, "ज्याला गरज नाही त्यानं घेऊ नये, म्हणून कणगी लक्ष ठेवते."

येसू म्हणाली, "महाराज, आज घेतलेली कोंबडी आजच अंडं देते का? तोवर आम्ही खायचं काय? या भीतीनं गावात कुणी कामालाच हात लावत नाही."

हे राजाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यानं कणगीला हुकूम केला, "घरात भर पडली तर मूठमूठ कमी कर, एकदम नको." आणि शिपायाला म्हणाला, "ज्याच्या घरी वर्षाचं धान्य नाही, त्याची टोपली घ्यायची नाही."

येसूचा विश्वास बसला? छे! महिनाभर रोज हात घालून बघायची. कोंबडी घेतली, एक मूठ कमी झाली. रत्नूनं दोर वळले, आणखी दोन मुठी. पण कणगी रिकामी झाली नाही. मग एके सकाळी ती विणायला बसली, ती हात घालायचंच विसरली. दुपारी आठवलं, तशी आपली आपणच हसली.

मग येसू, रत्नू, ठकी, चंद्राक्का, सगळी पोटभर जेवून सुखानं राहिली. आता मिटा डोळे. आणि असं कोपऱ्यात काय बघता रे? आपल्याकडे नाही कणगी. झोपा.