टाकीचं तोंड

भर खाडीत इंजिनाने पुन्हा दम सोडला! निघताना फटफट फटफट, मध्यावर आलं की फट... फट... आणि मग सगळं थंड. वेळशी संस्थानच्या उदाजीराव महाराजांची मिशी रागाने थरथरू लागली.

होडीच्या मागे टांगायचं हे इंजिन महाराजांनी मोठ्या हौसेने आणवलं होतं. त्याची फटफट त्यांना सनईहून गोड वाटे. म्हणून हुकूमच होता, होडीत सगळ्यांची तोंडं बंद! सुकाणू धरणारा पोशा तांडेल बिचारा काही सांगायला हातवारे करी, तर महाराज म्हणत, "हा वेडावून दाखवतोय आम्हाला!"

वल्ही मारत होडी काठाला आली. कारभारी विसाजीपंतांनी टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल भरपूर! झाकण लावलं, दोरी ओढली, तर इंजिन लगेच सुरू.

"बघा सरकार!" पंत म्हणाले. "काठावर शहाणं, खाडीत वेडं. ही तांडेलाचीच खोडी. याच्याकडची खाडीवरची ‘तर’ काढून माझ्या भाच्याला द्यावी."

पोशाने घाईने हात जोडले. गावाला खाडीपार नेणारी तर, म्हणजे भाड्याची होडी, ती एकच, आणि तीवरच त्याचं घर चालायचं. त्याची मुलगी गोमी मासळीची पाटी घेऊन शेजारीच उभी होती. ती झाकणाकडे टक लावून बघत होती, आणि एकाएकी फिक्कन हसली.

"हसतेस काय गं?" महाराज गरजले.

"इंजिनाचा आजार कललाय मना, म्हाराज!"

"काठावरच्या गप्पा पुरेत! उद्या खाडीत, आमच्या होडीत सांग. पण तिथे एक शब्द बोललीस, तर तुझ्या बापाची तर गेलीच म्हणून समज!"

न बोलता सांगायचं! पंत मिशीत हसले. गोमी म्हणाली, "चालेल. फकस्त एक नारल संगती घेईन."

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणत होतं. महाराज, पंत, पोशा आणि गोमी खाडीच्या मध्यावर येताच इंजिन ठरल्याप्रमाणे गचकलं. महाराजांच्या घशाला कोरड पडली होती. गोमीने सोललेला नारळ काढला, दाभणाने त्याचा एक डोळा फोडला आणि अदबीने पुढे केला.

महाराजांनी नारळ उलटा धरला. दोन थेंब पडले आणि थांबले. हलवला, पुन्हा एक थेंब. ओठ लावून ओढलं, तर गाल आत गेले, पण पाणी काही येईना!

गोमीने दाभण घेऊन दुसरा डोळा फोडला. बदाबदा पाणी आलं आणि महाराजांच्या मिशा न्हाऊन निघाल्या!

"हा काय चावटपणा!" महाराज ओरडले. "बोल!"

गोमीने ओठांवर बोट ठेवलं.

"अगं बोल! आमचा हुकूम आहे, तोंड उघड!"

"कुनाचं तोंड, म्हाराज?" गोमी म्हणाली. "माजं का टाकीचं?"

तिने झाकणावर बोट ठेवलं. तिथल्या बारीक भोकात लाखेची गोळी घट्ट बसली होती. "वारा आत जायाला नको? एका डोल्यानं नारल वतत नाय, तशी ही टाकी पेट्रोल सोरत नाय. काठावर झाकन उघरलं का वारा खाते, न् परत चालते."

"लाख कोणी कोंबली?" महाराजांनी विचारलं.

पंतांचा चेहरा पडला. "सरकार, त्या भोकातून सूं सूं आवाज यायचा. हुकूम होता ना, सगळ्यांची तोंडं बंद..."

महाराज आधी थक्क झाले, मग खो खो हसत सुटले. होडी डुगडुगली! गोमीने दाभणाने लाख उकरली, टाकीने फुस्स करून श्वास घेतला, आणि एका दोरीत इंजिन फटफटू लागलं. होडी थेट पैलतीराला लागली.

"काठावरच नारळ फोडून का नाही दाखवलंस?" उतरताना महाराजांनी विचारलं.

"काठावर तुमाला तान कुटं लागली व्हती?"

महाराज पुन्हा हसले. गळ्यातली मोत्यांची माळ त्यांनी तिच्या हातावर ठेवली. "आजपासून ही तर गोमीच्या नावे, वंशपरंपरा!"

"पोरीच्या नावे तर?" पंत पुटपुटले. "आता ही आम्हाला कशाला पलीकडे नेईल?"

"या की पंत," गोमी म्हणाली, "तुमाला फुकाट नेईन. वल्हं तेवढं तुमी मारा!"