पालथा वायसर

एका जंगलाच्या कडेला, माणसे केव्हाच सोडून गेलेल्या बागेत, एक म्हातारा वानर आपल्या नातवंडांसह राहत असे. बागेत एक हापसा होता. उन्हाळ्यात ओढा आटला की सारी जनावरे तिथेच पाणी पीत, आणि हापसा बिघडला की तो दुरुस्त करावा या आजोबांनीच. आपली विद्या आपल्याबरोबर जाऊ नये म्हणून ते नातवंडांना जवळ बसवून शिकवत. पण मुलांनो, शिकवणे कसले ते! कुणी पान्याला हात लावायचा अवकाश, आजोबा म्हणत, "सोड, बिघडवशील. तू नुसते बघ." थोरली नात बघून बघून कंटाळली, पण पाना काही तिच्या हाती आला नाही.

एके वर्षी ऐन वैशाखात आजोबांना मधाचा मोह पडला. पोळ्यात हात घातला आणि मधमाश्यांनी असा प्रसाद दिला की दोन्ही पंजे भाकरीसारखे फुगले. नेमका त्याच दिवशी हापसा बंद पडला. आत पाणी वर ओढणारी चामड्याची वाटी असते, तिला म्हणतात वायसर. तोच झिजला होता. हरिणीची पाडसे तहानेने मलूल होऊन पडली. आजोबांना पाना धरवेना. आपली विद्या आज कुणाच्याच उपयोगाची नाही, या विचाराने त्यांना रडू कोसळले. शेवटी ते नातीला म्हणाले, "बाळ, आता तूच कर."

नातीने ढोलीतून नवा वायसर काढला. पाना दोनदा निसटला, एक नट पायावर पडला. आजोबांचे हात शिवशिवत होते, पण पुढे केले की ठणका लागे, म्हणून ते मुकाट्याने मागे सरत. एकदाचे काम झाले. तिने दांडा मारला, तर नुसती हवा. कोल्हा कुत्सितपणे म्हणाला, आता पावसाचीच वाट पाहू या. चूक कुठे आहे ते आजोबांनी केव्हाच ओळखले होते. ते तोंड उघडणार, इतक्यात नात म्हणाली, "सांगू नका, आजोबा. मला शोधू द्या."

तिने हापसा पुन्हा उघडला, वायसर बोटांनी चाचपला आणि ती खुदकन हसली. "वाटी पालथी घातल्यावर तिच्यात पाणी राहणार कसे?" वायसर उलटा करून तिने पुन्हा बसवला. दांडा दहा-बारा वेळा मारताच आत गुडगुडले आणि पाण्याची धार लागली. पाडसे धावली, कोल्हाही ढकलाढकली करत पुढे आला. आजोबा तर आनंदाने नाचूच लागले. सगळे पोटभर पाणी प्यायल्यावर ते म्हणाले, "आता हापसा परत खोला. बाकीच्या पोरांच्या हातून वायसर कुठे बसलाय अजून?"

तात्पर्य : विद्या बघून कळते, पण अंगी मुरते ती केल्यानेच, म्हणून शिकवणाऱ्याने अवजार वेळीच हातातून सोडावे आणि शिकणाऱ्याला चुकू द्यावे.