डोईफोडे साहेबांची बदली

मोफत कायदेशीर सल्ल्याच्या कचेरीत गोरगरिबांची दाद कशी लागते, हे अभ्यासायला चारुशीला नावाची संशोधक तालुक्याला आली. कचेरीचे प्रमुख डोईफोडे साहेब खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसले.

"काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारा, आणि अहवाल थेट वर पाठवा!"

जो येई तो साहेबांकडे बघत म्हणे, "लई झ्याक काम हाय. साहेब म्हंजे देवमाणूस!"

चारुशीलाला कुतूहल वाटलं. सगळं इतकं झ्याक आहे, तर बाकावरची माणसं सकाळपासून ताटकळत का बसली आहेत?

ती बाकाकडे वळली. "समजा, उद्या साहेबांच्या बदलीची ऑर्डर आली. ती रद्द करा म्हणून सांगायला माझ्याबरोबर जिल्ह्याला कोण कोण येईल?"

बाकावर चुळबुळ झाली. सरूबाईंचे गुडघे एकाएकी दुखू लागले. भिवातात्यांना एसटीची वेळ आठवली. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "ऑर्डर उद्या नक्की येतीया न्हवं?"

साहेब लालबुंद झाले. "हे काय चाललंय?"

"तुमच्यासमोरच विचारलं, साहेब," चारुशीला म्हणाली. "आता थेट वर पाठवते."