एक पेर तूप

"मग चूक कुठं होतेय, अप्पा? तेवढंच सांगा."

बसलिंग अप्पा गहू निवडत होते. मठाच्या स्वयंपाकघरात त्यांची चाळीस वर्षं गेली. आलेली माणसं आधी त्यांच्या पाया पडतात, मग स्वामींच्या.

हिंगमिरे सर काही पाया पडले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक वही, एक उभट पेला आणि वजनकाटा काढून ओट्यावर मांडला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, रिकाम्या हातानं थोडाच येणार.

"काय करायचंय?" अप्पांनी विचारलं.

"गव्हाची हुग्गी. खिरीसारखी, महादेवीच्या हातची."

महादेवी म्हणजे सरांची बायको. दोनदा अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ती अंथरुणावर आहे. बोलत नाही. गेला महिनाभर घास गालात धरते आणि ओघळू देते. डॉक्टर आता नळी घालू म्हणतात. मध्ये एकदा शेजारणीनं हुग्गीचं नाव काढलं, तर तिचे डोळे हलले. सरांनी तेवढ्यावर पाच वेळा हुग्गी केली. पाचही वेळा तिनं तोंड फिरवलं.

"कृती तिच्याच अक्षरात आहे," सर म्हणाले. "गहू वाटीनं, बाकी सगळं बोटानं. तिच्या या पेल्यात बोट उभं धरायचं. तूप एक पेर, काकवी दीड, दूध तीन. मी सगळं ग्रॅमात आणलं."

"बरं."

"पहिल्यांदा फसलो. सगळं पाण्याच्या हिशेबानं धरलं. तूप पाण्याहून हलकं, काकवी जवळजवळ दीडपट जड. ते दुरुस्त केलं. आता एक पेर तूप म्हणजे चौसष्ट ग्रॅम. एका ग्रॅमची चूक निघायची नाही."

अप्पांनी गहू बाजूला सारले, हात धुऊन पुसले. पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायला लावला. मग पेल्यात आपलं बोट उभं धरलं आणि पहिल्या पेरापर्यंत पातळ तूप ओतलं.

बोट काढलं.

सर वाकून आकडा बघू लागले.

"पंचाहत्तर."

अप्पांनी बोट पुसलं.

"तुमचं बोट लांब आहे," सर म्हणाले.

"चौसष्ट कुणाच्या बोटाचं?"

"...माझ्या."

"आणि हुग्गी कोण करायचं?"

एवढी साधी गोष्ट, आणि पाच वेळा पातेलं चढवताना सरांच्या डोक्यात आली नव्हती.

"तिचं पेर केवढं?" अप्पांनी विचारलं.

सरांनी अंगठा आणि तर्जनी समोर धरली. मधलं अंतर थोडं वाढवलं. मग कमी केलं. पुन्हा वाढवलं... मग हात खाली घेतला.

"सांगता येत नाही."

"घरी जाऊन बघा."

"बघता येत नाही, अप्पा. दोन्ही मुठी आवळून गेल्यात. मी उघडायला बघितलं, नर्सबाईंनी बघितलं. जोर केला की रडते ती."

चुलीवरच्या भाताला उकळी आली. अप्पांनी झाकण सरकवलं आणि परत येऊन बसले.

"ती जाणार हो," सर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात कॉलेज उरलं नव्हतं. "एक घास तरी तिच्या चवीचा पोटात जावा, एवढंच होतं मनात. उगाच आकडे मांडत बसलो."

अप्पांनी पेल्यातलं तूप परत भांड्यात ओतलं.

"लग्नाला एकतीस वर्षं झाली. मागणं एकच आहे, अप्पा. एकदाच... एकदाच तिचा हात उघडू दे. नीट बघून घेतो."

अप्पांनी गहू पुन्हा पुढ्यात ओढले.

"एकतीस वर्षं उघडाच होता की."