साखरेचं गाठोडं

कांदे हवेशीर चाळीत साठवून ठेवायची रीत नवी होती, तेव्हाची ही गोष्ट. एका लाल कांद्यात पिवळ्या रंगाचे दोन कण राहत होते, सख्ख्या बहिणी. दोघींची घडण अगदी सारखी, फक्त धाकटीच्या एका हाताला साखरेचं गाठोडं बांधलेलं होतं. साखरेला रसाची ओढ, म्हणून त्याच्या जोरावर ती आतल्या रसात झकास पोहायची. थोरलीनं आपलं गाठोडं केव्हाच सोडून दिलं होतं. तिला पोहता येत नसे, म्हणून ती बाहेरच्या वाळक्या सालीत बसून असायची.

"ताई, अशी कोरडी होऊन काय मिळवलंस गं?" धाकटी हसायची.

"माझे दोन्ही हात मोकळे आहेत," थोरली एवढंच म्हणायची.

हवा दमट झाली आणि काळी बुरशी सालीला भिडली. धाकटी तावातावानं धावून आली, पण एका हाताची तिची पकड पुन्हा पुन्हा सुटू लागली. थोरलीनं मात्र आपले दोन्ही मोकळे हात लावून बुरशीला जखडलं.

"गाठोडं टाक!" ती ओरडली.

"टाकलं तर मला परत आत जाता येईल?"

"नाही येणार."

धाकटीनं गाठोडं टाकलं. मग दोघींनी मिळून बुरशीला सालीवरच सुकवलं.

महिन्याभरानं चाळीतले कांदे निवडताना शेतमालकीण अनसूयाकाकूंनी तो कांदा सोलून पाहिला. डागाळलेली साल त्यांनी चुरगाळून फेकली आणि जावेला म्हणाल्या, "बघ गं, आत कसा रसरशीत राहिलाय!"

जमिनीवर पडलेल्या सालीत धाकटी थोरलीला म्हणाली, "ऐकलंस ना ताई? आपल्याबद्दलच बोलतायत."