मार्च कुणाचा?

धुक्यात खाडी झोपल्यासारखी पडली होती. भिकाजीला वाटत होतं, आता दादा घंटा वाजवेल आणि सरकारी लाँच धक्क्याला लागेल. पण लाँचवर नोकरीला असलेला त्याचा थोरला भाऊ, दादा, मार्चमध्ये तापाने गेला होता आणि एप्रिलपासून लाँचसेवा खाजगी कंपनीची झाली होती.

नोकरीत असताना माणूस गेला तर वारसाला नोकरी द्यायची, असं सरकारी कागदात होतं. म्हणून भिकाजी वहिनीला घेऊन धक्क्यावर नव्या कंपनीच्या प्रधानसाहेबांपुढे उभा राहिला.

साहेब म्हणाले, "आम्ही आलो एप्रिलात. त्याआधीचं काहीएक आमचं नाही. समजलं?"

भिकाजीच्या ओठांवर शिवी आली होती. तेवढ्यात त्याची नजर लाँचवर गेली. पेंटर नवी पाटी रंगवत होता. एकेक अक्षर लावत भिकाजीने मोठ्याने वाचलं, "चाळीस वर्षे आपल्या सेवेत."

मग तो वळला. "साहेब, चाळीस वर्षं तुमची, तर एकटा मार्चच कुणाचा हो?"

धक्क्यावरची माणसं खो खो हसली. पेंटरने ब्रश थांबवून विचारलं, "पुसू का, साहेब?"

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं आणि वहिनीचा अर्ज मागून घेतला.

सोमवारी वहिनी तिकिटाच्या खिडकीत बसली. धुक्यातून घंटा वाजली. ती दादाने वाजवलेली नव्हती, तरी तिने आणि धक्क्यावरच्या भिकाजीने, दोघांनीही मान वर केली.